सातवं दार

ट्राउटे ल्यूर्स त्या सकाळी डब्यात चढली ती फक्त स्वतः शिवलेल्या गाद्यांचे टाके तपासायला. जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या रेल्वे वर्कशॉपात छप्पन साली हेच चाललं होतं: जुना लाकडी डबा फोडायचा, खालचा सांगाडा नि चाकं ठेवायची, वर नवी लोखंडी पेटी बसवायची. म्हणे नवा डबा! नवा कसला डोंबलाचा!

सांगाड्यावरचा नंबर तिने ओळखला होता. याच डब्यावर तिचा नवरा आल्विन गार्ड होता. तेव्हा प्रत्येक खणाला बाहेरून वेगळं दार, अशी दहा दारं. आल्विन एकेक लावायचा नि त्यावर बोटांनी दोनदा टकटक करायचा. एकदा चालत्या गाडीत एक दार उघडलं. बाहेरच्या पायफळीवरून ते लावायला गेला, तो पडला नि गेलाच. कडी सैल असल्याची तक्रार त्याने तीनदा केली होती. तरी अहवालात काय? कडी ठीक, चूक गार्डची! खाली सही तपासनीस क्रोगेलची. गाव आल्विनला अजून 'झोपाळू गार्ड' म्हणायचं. नऊ वर्षं तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

आज नव्या डब्याच्या चाचणी-फेरीला तोच क्रोगेल समोर बसून पाव-सॉसेज खात होता. "वा ट्राउटेबाई, मऊ आहेत हो गाद्या!"

गाडी सुटली. बाहेरून आवाज आला. धाड... टकटक.

नव्या डब्याला दारं फक्त दोन टोकांना. बाजूला सगळा सलग पत्रा. तरी आवाज एकेक खण मागे सरकत होता. ओल्या लाकडाचा वास सुटला.

"पत्रा वाजतोय..." क्रोगेल पुटपुटला.

"असेल की." ती बोटांवर दारं मोजत होती.

सहा झाली. मग धाड... टकटक नाही. पुन्हा धाड. पुन्हा. दार लागतच नव्हतं.

"थांबवा त्याला!" क्रोगेलने कान झाकले. "सातवं आहे ते... त्याची कडी झिजली होती, मला ठाऊक होतं..."

"अहवालात दाराचा नंबरच नव्हता, क्रोगेलसाहेब," ती उठून म्हणाली. "आत्ता बोललात ते लिहा. इथेच."

चाचणीच्या कागदामागे त्याने कसंबसं लिहिलं, सही केली. बाहेर कडी खट्ट लागली. टकटक. आठ, नऊ, दहा. मग शांत.

स्टेशन आलं, फलाटावर माणसं दिसली, तसा त्याला धीर आला. कागद त्याने कोटाच्या खिशात कोंबला. "पत्र्याचाच आवाज होता, बाई. विसरा."

"लाज नाही वाटत मेल्या?"

गाडी उभी होती. त्याच्या खिशातून आवाज आला... टकटक.

क्रोगेल पांढराफटक पडला. ट्राउटेने हात पुढे केला. कागद तिच्या हातात आला, तरी टकटक त्याच्या कोटातूनच येत राहिली.