चाकामागची मेंदी

"मांजर आहे," तौकीर म्हणाला. पिकअपच्या पुढच्या चाकाखाली डोकं घालून त्याने दोनदा म्याँव केलं.

आतून काहीच उत्तर आलं नाही. मग त्याने डब्यातला तळलेल्या बांगड्याचा तुकडा चाकाजवळ ठेवला आणि तिघं जण जिन्याच्या पायरीवर दबा धरून बसले. बराच वेळ गेला. जेद्दाच्या उन्हात बांगडा पार वाळून गेला, मांजर काही आलं नाही. शेवटी तौकीरनेच तो फुंकर मारून खाल्ला.

"शी!" खालच्या मजल्यावरची रुचा किंचाळली. तिची आई डॉक्टर असल्यामुळे जंतूंची तिला फार धास्ती.

लाइबाचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. मामूच्या गाडीतून घर्रर्र असा आवाज येत होता, अगदी तिच्या पायाखालून. पण तो कधी यायचा, कधी यायचा नाही. तिचा भाऊ तौकीर तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि कानाने तिखट, तरी त्याला तो एकदाच ऐकू आला होता. रुचाला तर कधीच नाही. आपल्यालाच भास होतात की काय, असं आता लाइबाला वाटायला लागलं होतं.

गाडी नसरुद्दीन मामूची, म्हणजे लाइबाच्या अम्मीच्या धाकट्या भावाची. मामू हॉटेलांना मच्छी पोचवायचा आणि आपल्या पांढऱ्या पिकअपवर त्याचा भारी जीव. ईदची सुट्टी लागली तशी त्याने थोराड टायर आणले. ते बसले, पण स्टिअरिंग फिरवलं की मडगार्डच्या आत अडकायचे. मग मामू आणि त्याचा दोस्त हनीफचाचा, दोघांनी बाह्या सरसावल्या. चाकाभोवतीच्या पोकळीतलं प्लास्टिकचं अस्तर काढून कापलं, आतली पत्र्याची कड हातोड्याने ठोकून मागे सारली, वर रंग फासला आणि अस्तर परत बसवलं. झाल्यावर अख्ख्या बिल्डिंगला खाली बोलावून मामूने जागच्या जागी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं. टायर कुठेही लागला नाही. "खलास!" म्हणून मामूने हात झटकले आणि सगळ्यांना सरबत पाजलं.

आणि परवा याच गाडीतून सगळे ताइफला निघणार होते! वर डोंगरात थंड हवा, माकडं, गुलाबाच्या बागा. तौकीर तर दोन दिवस आधीपासून स्वेटर घालून बघत होता. वाट मात्र घाटाची, एकामागून एक वळणांची. खाली दरी.

लाइबाने मामूला आवाजाचं सांगून पाहिलं. तो म्हणाला, नवीन टायर आहेत, थोडे बोलणारच. अम्मीला सांगितलं, तर ती म्हणाली, मामूला विचार. पुन्हा विचारायला गेली तर ताइफची सहल बुडाली म्हणून सगळे तिच्याच नावाने बोटं मोडतील. न विचारावं, तर परवाचा घाट डोळ्यांसमोर यायचा.

"आवाज नक्की कुठे आला, ते तरी आठव," रुचा म्हणाली.

लाइबाने डोळे मिटले. मशिदीच्या रस्त्यावर आला नव्हता. मोठ्या रस्त्यावर आला नव्हता. आला होता तो बिल्डिंगच्या फाटकात. तिथे गतिरोधक होता आणि त्यावर चढता चढताच उजवीकडे वळावं लागायचं.

"अगं, म्हणजे चाक वळतं आणि वरही उचललं जातं, दोन्ही एकदम!" रुचा म्हणाली. "मामूंनी तर सपाट जमिनीवर फिरवून बघितलं."

आता लागतंय कुठे, ते शोधायचं कसं? आत अंधार, सगळंच काळं. तौकीरने खडू सुचवला, पण काळ्या मळावर खडू ओढला जाईना. तेवढ्यात लाइबाची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. चाँदरातची, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीची मेंदी अजून रंगलेली होती आणि उरलेले कोन घरात तसेच पडले होते.

मामू दुपारी झोपलेला बघून तिघांनी काम उरकलं. पुढच्या दोन्ही चाकांमागे हात जाईल तिथे मेंदीचे जाड थर दिले. पत्र्याच्या कडेला दिले, अस्तराला दिले, मध्ये जे जे लोंबत होतं त्या सगळ्याला दिले. जिथे टायर घासेल तिथली मेंदी पुसली जाईल, साधी गोष्ट. अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला मामू गाडी घेऊन गेला आणि परत आला. तो वर चहाला जाताच तिघं मोबाइलचा दिवा घेऊन चाकाखाली शिरले.

पत्र्यावरची मेंदी जशीच्या तशी होती. अस्तरावरचीही.

"म्हणजे कुठेच लागत नाही," तौकीर खट्टू होऊन म्हणाला.

लाइबा आणखीच गोंधळली, कारण टायरच्या कडेला हिरवा फराटा तर होता. मग ही मेंदी आली कुठून? तिने दिवा आत सरकवला. चाकामागे एक जाडसर रबरी नळी खाली लोंबत होती. तिच्या एका बाजूची मेंदी साफ निघाली होती आणि तिथे रबर खरवडून आतले धागे दिसत होते. दुसऱ्या चाकामागची तशीच नळी मात्र चापात घट्ट बसलेली होती.

लाइबाने फोटो काढला आणि तिघं जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. ही नळी कशाची? तौकीर म्हणाला, काच धुवायच्या पाण्याची. रुचा म्हणाली, एसीची. लाइबाने फोटो हनीफचाचाला पाठवला. पुढच्याच क्षणी फोन वाजला.

"लाइबा, ती ब्रेकची नळी आहे. पत्रा ठोकताना चाप मीच काढला होता गं. गाडी कुठे आहे?"

गाडी सुरू झाली होती! मामू अम्मीला ड्यूटीवरून आणायला निघाला होता. लाइबा धावली आणि थेट गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. मामूने हॉर्न वाजवला, मान बाहेर काढून ओरडला, पण ती हलेना.

"मामू, तुझे ब्रेक तुटायला आलेत. आधी खाली उतर, मग मला काय हवं ते बोल."

मामू रागारागाने उतरला. वाकून त्याने चाकामागे बघितलं आणि तसाच जमिनीवर बसला. मेंदीने बरबटलेल्या मडगार्डकडे न बघता त्याने ती खरवडलेली नळी बोटांनी चाचपली. "परवा घाटात..." एवढंच म्हणून त्याने लाइबाला जवळ ओढलं.

संध्याकाळी अम्मी टॅक्सीने आली. तिने आधी भावाची चांगलीच हजेरी घेतली आणि मग तिन्ही पोरांचे मुके घेतले. रुचाची आई, डॉक्टर अहिल्या, म्हणाली, की दुखणं कळायच्या आधी रोग पकडणारे असे सहकारी तिला इस्पितळातही हवेत. दुसऱ्या दिवशी नव्या नळ्या पडल्या, चाप बसले आणि मामूने मुकाट्याने जुने टायर परत चढवले.

ताइफला निघायच्या सकाळी पिकअप बिर्याणीचा डेग, गालिचे, कलिंगडं आणि माणसांनी गच्च भरली. मामू स्टिअरिंगवर बसला, पण गाडी सुरू करेना.

"लाइबा, निघायचं का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर लाइबाला अजूनही नीट कळत नव्हतं. नळ्या नव्या होत्या, चाप होते, पण एवढं वजन घालून कुणी बघितलं होतं?

"आधी फाटकातून एक फेरी," ती म्हणाली. "सगळ्यांनी बसून. मग मी परत खाली शिरून बघणार."

उशीर होतोय म्हणून मागून कुणीतरी कुरकुरलं. मामूने आरशातून असं बघितलं की कुरकुर जागीच थांबली.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "ही हो म्हणाली तरच गाडी जाईल."