आसामला जाऊन आलेलं पत्र

पुढचं कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चौतीस वर्षं मी रेल्वे टपालात पत्रं छाटली, म्हणजे ज्या त्या गावाच्या खणात टाकली. डोळे मिटून, नुसत्या कागदाच्या वासावरून, पत्र कोकणातलं की देशावरचं ते सांगत असे. हसलात ना? आमची सुलभा हसत नसे. पाहुण्यांसमोर मी असलं काही सुरू केलं की ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "खोटं." मग नेमकं काय खोटं ते सांगायची, तारीखवारासकट. पन्नास वर्षांच्या संसारात माझी एकच हकिगत तिच्या तावडीतून सुटली, आसामला गेलेल्या पत्राची. कारण ती खरी होती.

विस्मरणाचा आजार जडल्यापासून, गेली तीन वर्षं, सुलभा मात्र माझं सगळंच खरं मानत आली. थापाड्याच्या नशिबी याहून वाईट काही नाही.

मिरजेच्या मेंदू-प्रयोगशाळेत डॉक्टर रेश्मा तांबोळींनी शर्करादर्शकाच्या पडद्यावर तिचा मेंदू दाखवला. जागोजागी पिवळे ठिपके साचले होते.

"काका, हा साखरेचा घोळ आहे."

"अहो, ती चहासुद्धा बिनसाखरेचा पिते."

"ही साखर निराळी. पेशीत प्रथिन तयार झालं की त्याला साखरेच्या कणांची एक साखळी जोडली जाते. शर्करांकन म्हणतो आम्ही त्याला. प्रथिनानं कुठं जायचं, हे बरंचसं त्या साखळीवर ठरतं. मेंदूत निरोप झेलणारी प्रथिनं असतात, ती पेशीच्या काठावर जायला हवीत. साखळी चुकली की ती आतच अडकून बसतात. हे पिवळे ठिपके तेच. पलीकडची पेशी निरोप पाठवते, इकडे झेलायला कोणी नाही."

"म्हणजे पिनकोड चुकलाय."

"तसं समजा. वरच्या मजल्यावर छिन्नमनस्कतेचे रुग्ण आहेत, त्यांच्यातही असाच घोळ सापडतो. प्रथिनं वेगळी, चुका वेगळ्या."

मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. "टपाल जळालंय की नुसतं अडकलंय?"

डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. "पुष्कळांचं जळालेलं असतं, काका. पेशीच मेलेल्या असतात. काकूंच्या बऱ्याच शाबूत आहेत. साखळ्या दुरुस्त झाल्या, तर जे पोचेल ते जसंच्या तसं पोचेल."

नाकात मारायचा एक फवारा होता, शर्करा-सुधारक नावाचा. जुनी प्रथिनं झिजत जाणार, नवी बरोबर साखळीची येणार. मुदत बारा आठवडे. तेवढ्यात सुलभाच्या वागण्यात फरक दिसला नाही, तर फवारा बंद. रांगेत दुसरे होते.

दहाव्या आठवड्याला ठिपके जवळजवळ गेले. सुलभा मात्र होती तिथंच. घड्याळाचं चित्र काढ म्हटलं, तर नुसता गोल काढून कागद परत द्यायची. भाज्यांची नावं विचारली की माझ्याकडे बघायची, आणि मला "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. तेही इतक्या अदबीनं, की मला उठून जावंसं वाटे.

"डॉक्टर, तुमच्या परीक्षा तिच्या अभ्यासक्रमात नाहीत," मी म्हणालो. "मला घेऊ द्या. मी खोटं बोलतो."

ठेवणीतल्या थापा काढल्या. महापुरात टपालाची पिशवी दातात धरून कृष्णा पोहून आलो, ही सांगितली. या थापेला पूर्वी ती ताबडतोब म्हणायची, "यांना गुडघाभर पाण्यात चक्कर येते." आता म्हणाली, "हो का? दमला असाल." इंजिनड्रायव्हर झोपला म्हणून मी पुण्यापर्यंत गाडी हाकली, तीही सांगितली. "बरं केलंत," म्हणाली.

बाराव्या आठवड्याचा शुक्रवार उजाडला. डॉक्टर पडद्याशी बसून शेवटची नोंद लिहीत होत्या. माझ्या थापा संपल्या होत्या. परीक्षा घ्यायचं बळही नव्हतं. सुलभा खिडकीशी रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. तिच्याशी नुसतं बोलावंसं वाटलं.

"सुलभे," मी म्हणालो, "कुरुंदवाडला तुला बघून आलो ना, त्याच संध्याकाळी होकाराचं पत्र लिहिलं मी. स्वतःच्या हातानं छाटायला घेतलं, आणि हात असा थरथरला की पडलं शेजारच्या खणात. गेलं थेट आसामला. दोन महिने फिरून मग तुला मिळालं. तेवढ्या दिवसांत तुला काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलं नाही."

रुमालाची घडी थांबली.

"खोटं."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. सुलभानं मान वर केली नाही.

"आसामचा शिक्का कुठं होता त्याच्यावर? एकच शिक्का पाठवल्याचा, मिरजेचा. पत्र हाती आलं त्याच्या आदल्या दिवशीचा. दोन महिने रोज पोस्टमन येईपर्यंत ओसरीवर बसत होते मी. तुम्ही लिहिलंच नव्हतं तोवर." तिनं रुमाल झटकला. "मी कधी बोलले नाही, म्हणून काय ते खरं झालं?"