मांजराची उजवी मिशी

"जरा सरकता का? मला हे मांजर उघडायचंय."

मी हातात ब्रश धरूनच वळले. खांद्याला हत्यारांची पिशवी, भुरभुर पावसात भिजलेला शर्ट आणि ओठांच्या कोपऱ्यात एवढंसं हसू. टेलिफोनवाला.

आमच्या कोपऱ्यावरची टेलिफोनची लोखंडी पेटी रंगवायचं काम मला मिळालं होतं. शहरातल्या चित्रकारांना अशा पेट्या वाटून दिल्या होत्या. माझ्या पेटीवर खिडकीत पहुडलेलं मांजर होतं. डोकं एका दारावर, शेपूट दुसऱ्यावर.

"उघडा की. रंग वाळलाय," मी म्हटलं.

"वाळलाय म्हणूनच उघडत नाहीये. तुम्ही फटच लिंपून टाकलीत."

त्याने ब्लेड काढलं, अलगद फिरवलं. दार उघडलं आणि मांजराची उजवी मिशी रंगाच्या खपलीसकट खाली पडली.

"माझी मिशी कापलीत," मी चिडून म्हणाले.

"तुमची नाही हो... मांजराची."

हसायचं नाही असं ठरवलं होतं. नाही जमलं. जाताना त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला. "रंग ओला असतानाच हा फटीतून फिरवायचा. मग दार चिकटत नाही."

त्यानंतर तो येतच राहिला. कधी तार तपासायला, कधी कडी बघायला. मी मिशी पुन्हा रंगवायचे, तो छत्री धरायचा... माझ्यापेक्षा मांजरावरच जास्त, असं मी म्हणायचे. माझी ताई घराच्या वरच्या खिडकीतून सगळं बघत असायची.

"काय गं, त्या पेटीत इतका बिघाड होतो?"

"जुनी आहे ती."

"मांजर डोळे मिटून दूध पितं हो," एवढंच बोलून ती आत गेली.

आणि एका दुपारी तो म्हणाला, "सोमवारपासून माझी बदली. शहराच्या पार पलीकडे. इथे दुसरे येतील."

"अच्छा," मी म्हटलं. मनात केवढं होतं आणि तोंडातून हे निघालं. तो थोडा थांबला. मग छत्री मिटून निघून गेला. मला रडू आलं, स्वतःचा रागही आला.

त्याच संध्याकाळी वॉर्निशचा शेवटचा हात दिला. पुठ्ठा खिशातच होता. तो मी फिरवला नाही. मुद्दाम. दार चिकटलं की त्याला यावंच लागेल... घरी जाऊन हात धुतले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. येणार तर दुसरंच कुणीतरी. अक्कल गहाण टाकतात ती अशी.

पुढच्या आठवड्यात पेटीपाशी एक जाडेसे काका दिसले. मी जिन्यावरून धावतच खाली गेले.

"काका, चूक माझी आहे. मी उघडून देते."

"नको," ते पायरीवर बसत म्हणाले. "आधीचा पोरगा बजावून गेलाय. दार चिकटलेलं दिसलं तर ब्लेड लावू नका, मला बोलवा. मिशीचा प्रश्न आहे म्हणे. केलाय त्याला फोन."

तो आला तेव्हा धापा टाकत होता. त्याने फटीवरून बोट फिरवलं.

"पुठ्ठा फिरवायला विसरलात?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही यावं म्हणून..." आता मागे फिरायचं नव्हतं. "आवडता तुम्ही मला."

काकांनी मान पलीकडे वळवली. तो मात्र माझ्याकडेच बघत होता.

"रोज वाट बघत होतो या फोनची," तो हळूच म्हणाला. "दार चिकटेल म्हणून नाही... तुम्ही चिकटवाल म्हणून."



"तुमचं जमलं असेल तर पेटी उघडा," काका म्हणाले. "माझी अजून चार कामं आहेत."

त्याने ब्लेड माझ्या हातात दिलं आणि त्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून सावकाश फट मोकळी केली. या वेळी मिशी वाचली.