वक्रतेची बेरीज

ती चहा घेऊन संशोधकांच्या खोलीत परत आली, तर तिच्या फळ्यासमोर एक उंचच उंच मुलगा उभा. हातात डस्टर. आणि तिच्या समीकरणातलं उणे चिन्ह गायब.

"हे कुणी पुसलं?"

"मी. चुकलं होतं."

"तुम्ही कोण?"

"समोरच्या खोलीत कालच आलोय."

"मग समोरच्या खोलीतलंच पुसायचं ना."

भांडण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. तेव्हा कुठे कळलं, दोघंही बरोबर होती. अवकाशाची वक्रता मांडायची रीत प्रत्येकाच्या सरांची वेगळी. एकाकडे जे अधिक, ते दुसऱ्याकडे उणे.

"म्हणजे आपली घराणीच वेगळी," तो म्हणाला.

ती हसली नाही. ती सहसा हसतच नसे. सगळे तिला 'फ्रीज' म्हणत. तिने त्याचं नाव 'लंबू' ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन चहा आणू लागली. दोघं एकाच फळ्यावर गणितं सोडवू लागली. काचेवरून पावसाचं पाणी ओघळत राहायचं, तिच्या भुवईवर खडूची पूड बसायची... लंबूला ती पूड दिसायची. तो मुद्दाम सांगायचा नाही.

मग लंबूला दूरच्या एका संस्थेतून नोकरी चालून आली. हो की नाही, ते संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायचं होतं. ती फक्त "छान" म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

"एक शंका आहे," लंबू म्हणाला. "ताऱ्याबाहेरच्या रिकाम्या जागेत वक्रतेचा स्केलर, म्हणजे सगळी मिळून एकच संख्या, शून्य येतो. म्हणजे तिथे काहीच घडत नाही?"

"बावळट. ती नुसती बेरीज झाली. न्यूटनच्या हिशेबातही तेच — ताऱ्याकडे पडताना उभी ओढ बसते आणि आडव्या दोन्ही दिशांनी दाब. बेरीज शून्य. पण त्या पडणाऱ्याला विचार, काय होतं ते."

"तुझ्या तोंडावरही बेरीज शून्यच दिसतेय."

तिचा खडू थांबला.

"मग... एकेक घटक विचार ना."

"नोकरी चांगली आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"मी गेलो तर तुझं काम अडेल?"

"अजिबात नाही."

"मग राहिलं काय?"

ती फळ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तू आवडतोस मला. आईलासुद्धा माहितीये. रोज विचारते, तो लंबू जेवायला कधी येणार म्हणून..." मग वळली. "आता कर बेरीज."

लंबूने बेरीज केली नाही. खिशातून फोन काढून नंबर लावला आणि दुसऱ्या हाताने हळूच तिची करंगळी धरली. तिने ती सोडवून घेतली नाही.

"सर, मला नाही जमणार यायला... कारण?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. फ्रीज कानापर्यंत लाल झाला होता.

"घरचं आहे, सर."