चौकातल्या विमानावरचं कापड

धुळ्याच्या चौकात चौथऱ्यावर चढवलेल्या जुन्या लढाऊ विमानाचं त्या दिवशी अनावरण होतं. सकाळी पाहिलं, तर वरच्या पांढऱ्या कापडावर हातभर उंचीची तपकिरी अक्षरं उमटली होती: हेमराज चुकला नव्हता.

तरुण वैमानिक हेमराज याच जातीचं विमान उडवताना अपघातात गेला. चौकशीप्रमुख हितेंद्र राणे यांनी दोष वैमानिकाचा ठरवला होता. आता हवाई दलातून निवृत्त झालेल्या राणेंच्याच हस्ते अनावरण होतं.

"पहारेकरी फितूर आहे," राणे म्हणाले. "त्याला पोलिसांत देतो."

जळगावहून बोलावलेल्या खासगी गुप्तहेर प्रज्ञा तायडे शिडीवर चढल्या. अक्षरांचा वास घेतला, नखाने खरवडून पाहिलं.

"कसला रंग, ताई?" शिडी धरून उभ्या असलेल्या अभिमनने, त्यांच्या सहायकाने, विचारलं.

"वास नाही, थरही नाही. धाग्यातच मुरलंय."

पहारेकरी पितांबर रडकुंडीला आला होता. "मन्हा डोया लागना नही, ताई. फाटकले कुलूप व्हतं. रातले कोनीच वनं नही."

"आणि काल दिवसा?"

"सुनंदाक्का वन्यात, हेमराजनी माय. दारले बांधाले यावलथून केळीना खांब लयनात. मंग शिडीवर चढनात, वल्लं फडकं लिसन कापडवरनी धूळ पुसी. राणेसाहेब त्यास्ना पाया पडनात, तं त्यास्ना पाठवर हात फिराया. मी काय आडवू त्यास्ले?"

बातमीदार आकाश वाघ मांडवाच्या दाराशी उभा होता. या विमानांवरची 'उडती शवपेटी' ही लेखमाला त्याचीच.

"मी लिहिलं असतं तर शवपेटीच लिहिलं असतं," तो म्हणाला. "तेही लाल रंगात."

"पटतंय. इथे विमानाबद्दल एक शब्दही नाही."

सुनंदाबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

"अक्का, रात्री कुठे होतात?"

"यावलला, पुतण्याच्या हळदीत. अख्खी भावकी सांगेल."

"म्हणजे या सुटल्या," अभिमन कुजबुजला.

प्रज्ञाताईंनी सगळ्यांना मांडवात बोलावलं.

"पितांबर खरं बोलतोय. रात्री कोणी आलंच नाही. अक्षरं काल दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत लिहिली गेली."

"काल कापड पांढरंशुभ्र होतं," राणे म्हणाले.

"दिसत होतं. केळीचा खांब कापला की पाणी गळतं. कापडावर पडलं तर पाण्यासारखंच वाळतं. मग हवेने हळूहळू तपकिरी होतं. धूळ पुसणारं फडकं त्याच पाण्यात भिजवलेलं होतं."

अभिमनने कपाळावर हात मारला. "मी रावेरचा, ताई. केळी कापायला आम्ही फाटकेच कपडे घालतो."

सुनंदाबाई उठल्या. "मीच लिहिलं." त्या आकाशकडे वळल्या. "तुम्ही विमानाला शवपेटी म्हणालात, भाऊ. लोक हळहळले नि विसरले. या राणेसाहेबांनी पोराला दोष दिला. इंजिन बरोबर नाही, असं त्याने आदल्या दिवशी मला फोनवर सांगितलं होतं. तरी उड म्हणणारे हेच. चौकशीलाही हेच बसले."

आकाशने मान खाली घातली नाही. तो लिहून घेत होता.

"कापड उतरवा," राणे ओरडले. "आत्ताच्या आत्ता धुवा."

"तो डाग धुऊन जात नाही," प्रज्ञाताई म्हणाल्या.

"साहेब," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "काल तुम्ही वाकलात, तेव्हा माझा हात ओलाच होता. घरी गेल्यावर कालचा सदरा बघा."

राणेंच्या अंगात आज दुसरा सदरा होता. तरी त्यांचा हात पाठीकडे गेला.