चेंबूरची मुलगी आणि जवळा पिझ्झा

"एकट्याक अख्खो पिझ्झो मिळाचो नाय," शेवंतीकाकू गल्ल्यावरून म्हणाली. "दुसरो कोण असा बरोबर?"

शीतल हिवाळेचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळपासून लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून काढून बोटं आखडली होती, डबा तसाच राहिला होता, आणि आता ही बाई तिला पिझ्झा खायला माणूस आणायला सांगत होती.

"मग अर्धा द्या."

"नुसतो अर्धो भाजूक येणा नाय गो. उरलेल्या अर्ध्याक गिऱ्हाईक होया."

"इकडे या की," कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. "माझाही अर्धाच अडकलाय मघापासून."

तिने वळून पाहिलं. निळा युनिफॉर्म, कुरळे केस, कोपरापर्यंत साबणाने घासून लाल केलेले हात... आणि तरीही नखांत ग्रीस. चेहरा बरा होता. बरा म्हणजे... खोटं कशाला सांगायचं, चांगलाच होता.

घाटकोपर पश्चिमेला, मेट्रोच्या पुलाखालून आत वळलं की दादू पिझ्झा लागतो. चार टेबलं, एक भट्टी, गल्ल्यावर शेवंतीकाकू आणि भट्टीपाशी तिचा नवरा दादूकाका. या माणसाकडे पिझ्झ्याचा आकार एकच... घमेल्याएवढा. पार्सल नाही. आणि एकटा आलेला माणूस दुसऱ्या एकट्यासोबत बसणार, अर्ध्यावर याच्या आवडीचं, अर्ध्यावर त्याच्या. लोक या नियमाला हसतात. हसू देत. त्या काचेच्या एसी दुकानांत पुठ्ठ्यावर रबर ताणून विकतात आणि वर तुम्हाला 'सर' म्हणतात, तिकडे कुणी हसत नाही. दादूकाका सर-बिर म्हणत नाही. पण त्याचा पिझ्झा टेबलावर येतो तेव्हा कडेला फुगलेले फोड अजून करकरत असतात, चीज खदखदत असतं, आणि लसूण थेट टाळूला जाऊन भिडतो. उपाशी माणसाचा एवढा मान मुंबईत फार कमी ठिकाणी राखला जातो.

शीतल बसली. पिझ्झा आला, त्याच्या मधोमध हिरव्या मिरच्यांची एक ओळ मांडलेली होती... इकडे तुझं, तिकडे माझं.

"सर्वेश मेस्त्री," तो म्हणाला.

"शीतल हिवाळे."

"शीतल आणि वर हिवाळे? म्हणजे घरात फ्रिज लागतच नसेल."

"लागतो. असले शिळे जोक ठेवायला."

तो इतक्या जोरात हसला की भट्टीपाशी दादूकाकानेही मान वर केली. शीतलने ओठ दाबून धरले, पण दाबलेलं हसू गालांत उतरलंच.

"काय करता तुम्ही?"

"लोकांचं रक्त काढते."

"अरे वा, मीपण! कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. लिफ्ट दुरुस्त करतो मी." त्याने एक घास घेतला, डोळे मिटले, मग उघडले. "राहायला मुलुंड. तुम्ही?"

"चेंबूर."

झालं. शब्द निघून गेला. चीजची तार अजून तिच्या हनुवटीवर होती आणि ती खोटं बोलून मोकळीही झाली होती.

शीतल राहायची गोवंडीला. पण गोवंडीची माणसं बाहेर 'चेंबूर' म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीत म्हणतात, कॉलेजात म्हणतात, लग्नाच्या बायोडेटावर तर हमखास लिहितात. कारण 'गोवंडी' म्हटलं की समोरच्याच्या नाकाची एक बारीक हालचाल होते. पत्ता विचारणारे अर्धे लोक पत्ता विचारतच नसतात, तुमची जात आणि लायकी विचारत असतात. आणि हे फक्त परके करतात असंही नाही. दोन वर्षांपूर्वी कल्याणहून शीतलला बघायला आलेला मुलगा त्यांच्याच समाजाचा होता. बुद्धवंदना तोंडपाठ. त्या दिवशी घराजवळच्या डंपिंग ग्राउंडवर कचरा पेटला होता. त्याच्या आईने चहा संपेपर्यंत रुमाल नाकावरून काढला नाही, आणि संध्याकाळी निरोप आला... मुलगी छान आहे, एरिया जमत नाही.

त्या दिवसापासून शीतल चेंबूरला राहायला गेली. तोंडाने.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा गेली. पिझ्झ्यासाठीच, असं तिने स्वतःला ठणकावून सांगितलं. सर्वेश कोपऱ्यात बसलेला, समोर रिकामी खुर्ची, खुर्चीवर त्याचं हेल्मेट.

"जागा धरलीय?" तिने विचारलं.

"हेल्मेटला भूक लागलीय म्हणे. तुम्ही बसणार असाल तर उठवतो त्याला."

बुधवारी दादूकाका जवळा पिझ्झा करायचा. सुका जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबी, कांदा, कोकमाचा हलका हात, वर चीज. कुणी ऐकलं की तोंड वाकडं करतं, आणि खाल्लं की बोटं चाटतं. सर्वेशच्या अर्ध्यावर जवळा होता, शीतलच्या अर्ध्यावर पनीर. ती बघत राहिली.

"खाऊन बघा ना," तो म्हणाला. "नाही आवडलं तर मी भरपाई देईन."

"मला काय जवळा नवीन आहे का? जालन्याला आजीकडे जायचे मी. समुद्र कुठे, जालना कुठे... पण बाजारात सुकट यायची. आजी तव्यावर परतायची आणि गरम भाकरीवर टाकायची."

"मग लाजताय कसल्या? या आमच्या देशात." आणि त्याने मिरच्यांची ओळ बोटाने बाजूला सारली.

तिने घास घेतला. खारट, आंबट, धुरकट... आणि मध्येच चीजचा दुधाळ गोडवा. आजीच्या चुलीपाशी कुणीतरी इटलीचा पाहुणा येऊन बसावा तसं. तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तर सर्वेश खायचं विसरून तिच्याकडे बघत होता.

"काय?"

"काही नाही... असं जेवणारं माणूस मला फार आवडतं."

"असं टक लावून बघणारं मला नाही आवडत."

"मग डोळे मिटून बोलू?" आणि मिटलेच त्याने.

"ए, उघड!" ती म्हणाली, आणि 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही.

बुधवार येत राहिले. मिरच्यांची ओळ दादूकाकाने हळूहळू मांडणंच सोडलं. सर्वेश लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांच्या गोष्टी सांगायचा, ती सुई बघून ओरडणाऱ्या पहिलवानांच्या. कधी बोटं एकाच तुकड्यावर पडायची आणि उचलायला दोघांनाही उशीर व्हायचा... तो तिला बाईकवरून सोडायला लागला. चेंबूर नाक्यावर ती त्याच्या खांद्यावर थाप मारायची. "बस, इथेच. बिल्डिंगमधले बघतील." तो हात हलवून वळायचा. त्याचा लाल दिवा दिसेनासा झाला की ती रिक्षा शोधायची, आणि रिक्षावाले गोवंडी ऐकून मान हलवायचे.

ओठांवर हसू घेऊन ती घरी पोचायची आणि आरशासमोर स्वतःलाच शिव्या घालायची. सांग ना गं. काय होईल? जाईल. कल्याणचा गेला तसा हाही जाईल. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. याचं वाटेल.

मग एका बुधवारी सर्वेशने तुकडा खाली ठेवला. त्याने तुकडा खाली ठेवणं म्हणजे गंभीर प्रकरण.

"आईला सांगितलं मी."

"काय?"

"सगळं. तू आहेस, मला तू हवी आहेस, आणि बौद्ध आहेस. तिन्ही एकदम."

"मग?"

"दोन दिवस बोलली नाही. भांडी जोरात आपटली. तिसऱ्या दिवशी विचारलं, मासे खाता मा ती? म्हटलं, खाते. म्हणाली, मग बघूया." तो हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. "पुढच्या बुधवारी आणतो तिला. इथेच. चालेल?"

त्याने तिची जात घरात उजळ माथ्याने सांगितली होती. आणि तिने त्याला साधा पत्ता सांगितला नव्हता. शीतलला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की तिने हातातला तुकडा परत ठेवून दिला.

पुढच्या बुधवारी सर्वेशच्या आई, लताकाकी, आल्या त्या हिरव्या साडीत, पर्स पोटाशी घट्ट धरून. शीतलला आपादमस्तक न्याहाळलं, भट्टी न्याहाळली, दादूकाकाचं गाव विचारून घेतलं. गाव शेजारचंच निघालं. मग त्या बसल्या.

"पिझ्झा मी खात नाही. ह्याच्या हट्टापायी आले," असं म्हणत त्यांनी जवळ्याचा पहिला तुकडा उचलला, आणि दुसऱ्याला हात घालताना काहीच म्हणाल्या नाहीत. दादूकाका लांबून बघत होता. त्याच्या मिशीखाली जे हसू होतं ते कुठल्या राजालाही परवडलं नसतं.

"चेंबूरला माझी मावसबहीण राहते," काकी म्हणाल्या. "तू नक्की कुठे गं? तिला सांगते, येऊन जाईल तुमच्याकडे."

सर्वेश तिच्याकडे बघून हसला. भरवशाने. तोच भरवसा शीतलला सोसला नाही.

"मी चेंबूरला नाही राहत," ती म्हणाली. "गोवंडीला राहते. डंपिंगच्या अलीकडे. पहिल्या दिवशी खोटं बोलले आणि मग बोलतच गेले."

सर्वेशचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं त्यातलं हसणं गेलं. "मग मी तुला नाक्यावर सोडायचो, ते..."

"पुढे रिक्षा करायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तो उठला आणि सरळ बाहेर गेला. शीतलला उठायचं होतं, पण समोर लताकाकी. आता रुमाल निघेल, तिला वाटलं.

"वास येतो घरात?" काकींनी सरळ विचारलं.

आता लपवायचं तरी काय उरलं होतं? "येतो. कचरा पेटला की खिडक्या लावून बसतो आम्ही. आई त्याच वासात स्वयंपाक करते. आणि काकी, तो कचरा आमचा एकट्यांचा नाही. अख्ख्या मुंबईने टाकायचा, आणि नाक आमच्याकडे बघून मुरडायचं?" आवाज चढला होता तिचा. चढू दे, म्हणाली मनात.

काकींनी तुकडा संपवला, बोटं पुसली. "मला काय सांगतेस गो? मुलुंडला आमच्या मागेच होतं की डंपिंग. आता बंद झालं. सर्वेश त्याच वासात मोठा झाला. पावसाळ्यात तर जेवताना माशा वारायला एक माणूस वेगळा बसवायला लागायचा."

शीतलने मुलुंड म्हणजे गुळगुळीत रस्ते, झाडं आणि बाल्कन्या असंच धरलं होतं. कुठल्या मुलुंडात, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. नाव ऐकून माणूस ठरवलं होतं. बरोबर तसंच, जसं लोक तिला ठरवत होते.

"जा," काकी म्हणाल्या. "फार वेळ उभा राहिला की त्याचं डोकं आणखी फिरतं. बापासारखं. मी हा खाते तोवर."

सर्वेश बाईकला टेकून उभा होता. वरून मेट्रो गेली, खालच्या सगळ्या काचा थरथरल्या, आणि तिला आवाज ओसरेपर्यंत थांबावं लागलं.

"रागावलायस?"

"हो."

"गोवंडीवर?"

"येडी आहेस का? गोवंडीने माझं काय घोडं मारलंय?" तो उसळला. "मी तुला सोडून शिट्टी वाजवत घरी जायचो गं. आणि तू तिकडे एकटी रिक्षावाल्यांच्या विनवण्या करत... मला वाटायचं मी तुला घरी पोचवतोय! आणि तुला काय वाटलं? की मी पत्ता ऐकून पळेन?"

"एक पळाला होता."

त्याने तिच्याकडे पाहिलं... मग जमिनीकडे... मग पुन्हा तिच्याकडे. राग होता, पण खालून विरघळत चाललेला.

"चुकलं माझं," शीतल म्हणाली. "तू घरी माझं सगळं खरं सांगितलंस. मी तुला राहतं घरसुद्धा खरं सांगितलं नाही. मला तू गमवायचा नव्हतास. म्हणून... आवडतोस तू मला. फार."

"हे आधी सांगायचं, मग पत्ता," तो पुटपुटला. कान लाल झाले होते. "आता सांग."

"काय?"

"पत्ता. पूर्ण."

आणि शीतल हिवाळेने, रस्त्यावर, येणाजाणाऱ्यांच्या देखत, आवाज जराही न उतरवता सांगितलं. "गोवंडी. पाण्याच्या टाकीची गल्ली. बुद्ध विहाराच्या मागे, पिठाच्या गिरणीवरची खोली. दारावर हिवाळे लिहिलंय."

त्याने तो पत्ता हळूहळू, शब्द न शब्द परत म्हणून पाहिला. तिचा पत्ता दुसऱ्याच्या तोंडून इतका देखणा ऐकायला येतो, हे तिला आजवर कुणी कळूच दिलं नव्हतं.

"रविवारी आईला घेऊन येतो," सर्वेश म्हणाला.

"कचरा पेटलेला असला तर?"

"तर खोकत खोकत मागणी घालीन. चालेल ना?"

"चालेल," शीतल म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. "पण बोलशील ते जोरात बोल. बाबांना कमी ऐकू येतं."