कोनशिला खिंडीपलीकडे नेताना

बर्फानं खिंड बंद होण्याआधी आम्हाला पलीकडच्या वस्तीत पोहोचायचं होतं. तिथं नवं प्रार्थनाघर उभं राहिलं होतं, आणि हिवाळाभर तिथं राहून शाळा नि उपासना चालवायला मिशनला एक कुटुंब हवं होतं. ते कुटुंब म्हणजे आम्ही. पाळक असलेले माझे यजमान, मी, आणि माझ्या छातीशी झोळीत बांधलेली, नुकतीच बसायला शिकलेली चिमणी. मायदेश सोडून इतक्या लांब संसार थाटलाच आहे, तर आणखी एक डोंगर, असं मी मनाला समजावलं होतं.

सामान दोन खेचरांवर होतं. धाकट्यावर तंबू, शिधा नि चिमणीचे कपडे. थोरल्यावर कोनशिला! आमच्या चर्चच्या मंडळीनं मायदेशाहून प्रार्थनाघराच्या भिंतीत बसवायला पाठवलेली जाडजूड संगमरवरी पाटी, तिच्यावर देणगीदाराच्या आजोबांचं नाव सोनेरी अक्षरांत. तिच्यासाठी यांनी रॉकेलचा डबा आणि जाड रजई खालीच ठेवली.

"अहो, पोरीला ऊब कशाची देणार? आजोबांच्या नावाची?" मी विचारलं.

"मी शब्द दिलाय," हे म्हणाले.

शब्द हे देतात, ओझं मात्र आम्ही वाहतो!

खेचरवाली बाई फटकळ होती. ओझं बांधताना ती प्रत्येक दोर सुरगाठीनं बांधायची. एक टोक ओढलं की सगळं ओझं मोकळं. "खेचर घसरलं तर सामान जावं, जनावर राहावं," ती म्हणाली. "बाजारात सामान पुन्हा मिळतं." एवढं बोलून तिनं यांच्या कोनशिलेवर हात आपटला, "हे तर फुकट दिलं तरी कुणी घ्यायचं नाही!"

खिंडीच्या पायथ्याशी पोहोचलो तो शनिवार होता. रविवारची सकाळ अशी लख्ख उगवली की वरचा सुळका हाताला लागेल असं वाटावं. वारा नाही, ढगाचा ठिपका नाही. आणि यांनी जाहीर केलं, "आज विश्रांतीचा दिवस. आज चालायचं नाही."

"पाद्रीबाबा," खेचरवालीनं कपाळाला हात लावला, "तुमचा देव सुट्टी घेत असेल. ढग घेत नाहीत हो!"

मीही पाळकाचीच मुलगी. रविवार मला कुणी शिकवायला नको. पण चिमणीचे गार पडलेले तळवे चोळत मी त्या निळ्या आकाशाकडे पाहत होते आणि माझा जळफळाट होत होता. यांनी उपासना चालवली. श्रोते कोण? बायको, तान्हं लेकरू, जांभया देणारी खेचरवाली आणि दोन खेचरं. दुपारी मी नि खेचरवाली जरा कलंडलो. उठून पाहते तर हे थोरल्याच्या उतरवून ठेवलेल्या खोगिराशी घाम गाळताहेत! पाटी पडू नये म्हणून तिला खोगिराशी बांधणाऱ्या सगळ्या सुरगाठी सोडून निरगाठी मारत होते.

"हे काम नाही वाटतं?" मी म्हणाले.

"हे देवाचं काम."

मी गप्प बसले. तिथंच मी चुकले. खेचरवालीला हाक मारायला हवी होती.

सोमवारी पहाटेच्या अंधारात ओझं चढवलं, गाठी कुणी पाहिल्या नाहीत, आणि उजाडताना निघालो तेव्हा सुळका दिसत नव्हता. चढ संपत आला तेव्हा वाऱ्यानं गाठलं. आधी बारीक कणी, मग तोंडावर मुठीनं फेकल्यासारखं बर्फ. वाट कड्याला चिकटून जेमतेम खेचराएवढी उरली होती. उजवीकडे खडक. डावीकडे नुसता पांढरा धूर.

आणि थोरलं घसरलं!

मागचे दोन्ही पाय कड्याबाहेर. पुढचे खुर खडकावर खरवडताहेत. लगाम यांनी मनगटाला गुंडाळलेला, आणि पाटीच्या वजनानं खेचरासोबत हेही फरफटत चाललेले!

"टोक ओढा! ओझं सोडा!" खेचरवाली ओरडली. तिनं खेचराची मान कवटाळली होती.

"सुटत नाही! मी... मी गाठी बदलल्यात!"

तिनं त्यांना हासडलेली शिवी मी इथं लिहीत नाही. पण मनातून मी तीच दिली.

चिमणीला उतरवून ठेवायला तसूभर कोरडी जागा नव्हती. एका हातानं तिचं डोकं छातीशी दाबलं, दुसऱ्या हातात भाजी चिरायची सुरी घेतली आणि गुडघ्यांवर सरपटत गेले. दोर गोठून काठीसारखा झालेला. कापला. एक पीळ तुटला. पुन्हा कापला!

"अगं, कोनशिला!" हे ओरडले.

हात जायची वेळ आली आणि या माणसाच्या तोंडी कोनशिला!

"खड्ड्यात गेली तुमची कोनशिला!" मी किंचाळले, आणि दोर तुटला. ती खरोखरच खड्ड्यात गेली. खडकावर एकदा आदळल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. हलकं झालेलं खेचर धडपडत वर आलं आणि थरथरत उभं राहिलं.

पुढे झुकलेल्या एका खडकाखाली आम्ही शिरलो. तिथं चिमणीचं रडणं थांबलं. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प झालेलं मूल आईला जास्त घाबरवतं. ओठ निळसर. पेटवायला काही नाही. खेचरवालीनं थोरल्याला खाली बसवलं आणि मला त्याच्या पोटाशी ढकललं. "टेक. पोरीला मधे घे." त्या जनावराच्या घामट, गरम पोटाला टेकून मी चिमणीचे पाय चोळत राहिले, तिचं नाव घेत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. असा गोड आवाज मी कुठल्याच भजनात ऐकलेला नाही!

वादळ ओसरलं. हे बाहेर डोकावले. "खिंड दिसतेय. हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे लोक वाट पाहताहेत गं."

"पाहू देत. वसंतात जाऊ. तुम्हाला जायचं तर जा. मी उतरतेय."

"दिलेला शब्द..."

"हिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीही एक शब्द दिला होता तुम्ही, हिला सांभाळण्याचा. सगळ्या मंडळीसमोर."

ते धाकट्याचा लगाम धरून उताराला लागले.

संध्याकाळच्या आत खालच्या मुक्कामाच्या झोपडीत पोहोचलो. चूल पेटली. हे लगेच गुडघे टेकून बसले, हात जोडले, "हे दयाळू पित्या, तुझे आभार..."

"थांबा," मी म्हणाले. "आधी माफी. मग आभार."

"तीच मागणार होतो देवाकडे."

"देवाकडे नाही. त्यानं काल आकाश मोकळं ठेवलं होतं."

ते उठले. खेचरवालीसमोर मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं माझं, बाई. गाठी बदलायला नको होत्या. थांबायलाही नको होतं."

"माझी कसली माफी मागता?" ती खेकसली. "त्या मुक्या जिवाची मागा."

आणि आमचे पाद्रीबाबा खरंच बाहेर गेले. दारातून दिसत होतं. थोरल्याच्या सोललेल्या गुडघ्यावर ते कोमट पाण्याचं फडकं धरून हळू आवाजात काहीतरी बोलत होते. खेचरवाली पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मला हसू आलं नाही. राग अजून होता, आणि पुष्कळ दिवस राहणार होता. ते आत आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही. फक्त त्यांचे हात गरम झालेत की नाही, ते चाचपून पाहिलं आणि चिमणीला त्यांच्याकडे दिलं.